हात न लावलेली पाठ

जळगावात मॅडमच्या क्लिनिकवर पाटी लागली, तेव्हा पहिला महिनाभर लोक गोड गोळ्या मागायला येत होते. पाटीवर लिहिलं होतं 'ऑस्टिओपॅथी', म्हणजे हाडं-सांधे हातानं हाताळून करायचे उपचार, आणि लोक वाचत होते 'होमिओपॅथी'. कोणी सर्दीसाठी यायचं, कोणी मुलाच्या अंथरुणात शू करण्यासाठी. सरोदे मॅडम त्यांना समजावून सांगायच्या भानगडीत पडत नसत. दारातच म्हणायच्या, "गोळ्या नाहीत. इथं हात मिळतो, आणि खरं बोलणं मिळतं. दोन्ही नको असतील तर समोर मेडिकल आहे."

बहुतेक लोक समोर जायचे.

मी त्यांच्याकडे सात वर्षं काम केलं. त्यांच्याइतका गुणी हात मी आजवर पाहिला नाही. त्यांच्याइतकी दुष्ट जीभही नाही. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा राहतात, याचं मला पहिली दोन वर्षं आश्चर्य वाटायचं. नंतर सवय झाली. आणखी नंतर जे घडलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

मॅडम ठेंगण्या, जेमतेम पाच फूट. सुती कुडता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. हात मात्र एखाद्या उंच बाईचे वाटावेत असे, लांब बोटांचे. नखं रोज सकाळी कापायच्या. वाढली असोत नसोत, कात्री फिरायचीच. प्रत्येक पेशंटच्या आधी थर्मासमधलं गरम पाणी तसराळ्यात ओतून हात बुडवायच्या, कोरडे करायच्या आणि मगच अंगाला लावायच्या. एखादा "डॉक्टर मॅडम" म्हणाला की त्याला तिथंच थांबवायच्या. "मी डॉक्टर नाही. फिजिओथेरपी केली, मग बंगळुरूला पाच वर्षं हे शिकले. डॉक्टर लागला तर मी सांगेन कोणाकडे जायचं."

मी फिजिओथेरपी शिकून त्यांच्याकडे गेले, तेव्हा माझी मुलाखत त्यांनी वर्तमानपत्रावर घेतली. स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटला, पेपरच्या पानाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "शोध." मी बोटं फिरवली, सापडला. त्यांनी आणखी एक पान टाकलं. तिसऱ्या पानाला मी चाचपडायला लागले, चौथ्याला हरले. मग त्यांनी स्वतः डोळे मिटून बोट फिरवलं, दहा पानांवरून. केस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते नखानं खूण करून दाखवलं.

"मोरे, तुझा हात मुका नाही," त्या म्हणाल्या. "पण घाईत आहे. गधडीसारखा धावतो. सोमवारपासून ये."

ही शाबासकी होती हे मला बऱ्याच महिन्यांनी कळलं.

पेशंट फाटकातून आत येत असतानाच त्या खिडकीतून त्याची चाल बघून घ्यायच्या. टेबलापर्यंत पोचेस्तोवर निम्मी तपासणी झालेली असायची. "कुठं दुखतं" हा प्रश्न त्या सगळ्यात शेवटी विचारायच्या. "जो ओरडतो तो चोर नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुखणारी जागा म्हणजे नुसती ओरडणारी जागा, चोर दुसरीकडेच लपलेला असतो, असं त्यांचं म्हणणं.

रावेरकडचा एक माणूस यायचा, केळीच्या बागेतून घड वाहून ट्रकपर्यंत नेणारा. उजवा खांदा धरलेला, हात कानाच्या वर जाईना. मॅडमनी त्याला एका पायावर उभं केलं, श्वास घ्यायला लावला, बरगड्यांवर बराच वेळ हात ठेवला, आणि मग डाव्या पायाच्या घोट्यापाशी जाऊन बसल्या. घोटा कधी मुरगळला होता का? होता, चार वर्षांपूर्वी, पाण्यानं भरलेल्या सरीत. तेव्हापासून तो त्या पायावर पूर्ण भार देत नव्हता, आणि घडाचं सगळं ओझं उजव्या बाजूनं ओढून घेत होता. मॅडम दोन खेपांना फक्त घोटा आणि बरगड्या हाताळत राहिल्या. तो बाहेर येऊन मला म्हणाला, "खांदा दुखू राह्यला अन् बाई पाय धरू राह्यली. यांले समजते का काही?"

तिसऱ्या खेपेला हात वर गेला. तो हसायला लागला. पुन्हा वर केला, पुन्हा खाली. "बरा झाला!"

"बरा नाही झाला," मॅडम हात धुता धुता म्हणाल्या. "ओरडायचा थांबला. उद्या घड उचलशील, पंधरा दिवसांत परत ओरडेल. तू उचलणार. तुझ्याकडं दुसरं काम नाही. पन्नाशीत हा हात पाठीमागं जाणार नाही, स्वतःची पाठ खाजवायला बायको लागेल. जा आता."

त्याचं हसू तिथंच विझलं. मी नंतर म्हटलं, "मॅडम, आजचा दिवस तरी आनंदात जाऊ द्यायचा होता." त्या म्हणाल्या, "त्याचा आनंद माझ्या हातात नव्हता. घोटा होता."

लोकांना खरं तर आवाज हवा असायचा. मान कडकन मोडली की मणका बसला, असा सगळीकडे समज. साक्रीकडची एक म्हातारी लेकीकडे जळगावला आली होती. मॅडमनी तिच्या कमरेखाली नुसते दोन तळवे ठेवले आणि वीस मिनिटं बसून राहिल्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, बाईला डुलकी लागली. म्हातारी वैतागली. "माय, कडाक कर ना! आवाजच नई व्हयना, ते मी बरी कशी व्हसू?"

"आवाज हवा असेल तर दिवाळीत या, लवंगी लावून देते," मॅडम म्हणाल्या. "तुमची हाडं पापडासारखी झालीत. मी कडाक केलं तर खरंच मोडेल."

म्हातारी उठली तेव्हा काठी विसरून दारापर्यंत गेली होती. मॅडमनी काठी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "विसरू नका. एवढी बरी नाही झालात."

असं कोणाशीही. दीपनगरच्या वीज केंद्रातला एक फिटर, तायडे नावाचा, बायकोला घेऊन आला. कंबर दुखते, मणका बसवून द्या. मॅडमनी त्याला पालथं झोपवलं आणि मणक्यांवरून एक बोट सावकाश खाली नेलं. एका जागी बोट थांबलं. पुन्हा वर नेलं, पुन्हा तिथंच थांबलं. मग त्यांनी मला बोलावलं, माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. त्वचेखाली एक बारीकसा उंचवटा होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्यांनी त्यावर मुठीनं हलकंसं ठोकलं. तायडे कळवळला.

"रात्री झोपेतून उठवतं?"

"उठवते."

"आडवं पडलं की कमी होतं?"

"नाही ना. तेच तर."

"संध्याकाळी अंगात कणकण? वजन उतरलंय?"

बायको म्हणाली, "प्यांट ढिली झाली यांची."

मॅडमनी दोन्ही हात उचलून घेतले. "मी हे करणार नाही. मणक्याला आतून काहीतरी खातंय. टीबी असेल, नाहीतर त्याहून वाईट. आजच्या आज फोटो काढा. कोणाकडून मालिश करून घेतली तर पाय जातील."

बायको रडायला लागली. मॅडम चिठ्ठी लिहीत राहिल्या. "रडायला पुढं वेळ आहे. एमआरआयची रांग लवकर बंद होते."

टीबीच निघाला. वर्ष-दीड वर्ष औषधं खाऊन तायडे बरा झाला, पेढे घेऊन आला, पायाला हात लावायला वाकला. मॅडमनी त्याला वाकलेला पाहिला आणि म्हणाल्या, "वाकता येतंय. पण मधे थोडा बाक राहिलाय. चार महिने आधी आला असतात तर राहिला नसता." पेढे त्यांनी मला दिले.

मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं होतं, या बाईच्या बोटाला डोळे आहेत. आजही तेच म्हणेन. म्हणूनच पुढचं लिहिणं मला जड जातंय.

मॅडमचे वडील, आबा, हे बोदवडच्या बाजूचे जुने हाडवैद्य. कोणाचा हात निखळला, पाय मुरगळला की बैलगाडीत घालून आबांकडे आणायचे. आबा बांबूच्या कामट्या लावून, चिंध्या गुंडाळून, वरून सुती दोरीनं बांधून द्यायचे. आई गेल्यावर मॅडम त्यांना जळगावला घेऊन आल्या. क्लिनिक घराच्याच पुढच्या भागात होतं. मागची खोली आबांची. पांढरं धोतर, बंडी, मिशा राखलेल्या. दुपारी ते वेटिंगच्या बाकावर येऊन बसायचे आणि पेशंटांना ऐकवायचे, "पोरीचा हात माह्याकडून आलाय. तिले शिकवलं मी नही, पन आला माह्याकडूनच."

मॅडम आतून ऐकायच्या. सगळ्या जगाला टाकून बोलणारी ही बाई बापाशी कामापुरतं बोलायची. जेवण वेळेवर, धोतर धुतलेलं, चष्मा नवा. पण आबा फाटकातून आत येत असले की खिडकीतली मॅडमची नजर टेबलावरच्या रजिस्टरवर जायची. आबांची चाल त्या बघत नसत. हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मात्र नंतर कळला.

पावसाळा संपता संपता आबांची पाठ दुखायला लागली. मॅडमनी मला सांगितलं, "मोरे, त्यांना शेक दे. दुपारच्या वेळात." मी म्हटलं, "तुम्ही एकदा हात लावून बघा ना." त्या म्हणाल्या, "अठ्ठ्याहत्तर वर्षांची पाठ आहे. दुखणारच. शेक दे."

मी शेक द्यायला लागले. आबा लाजरे, बंडी काढायला तयार नसत. बंडीवरून टॉवेल, टॉवेलवरून शेकाची पिशवी. ती वीस मिनिटं ठेवायची. आबा गप्पा मारायचे, मी ऐकायचे. बरं वाटतं का विचारलं की "वाटते, वाटते" म्हणायचे. हे एक महिना चाललं, मग दोन, मग चार. ते वाळत चालले होते. मी म्हटलं, वय. संध्याकाळी अंग गरम लागायचं. मी म्हटलं, नुकताच शेक दिलाय. एवढी मी शहाणी.

मॅडमचा भाऊ रमेश अधूनमधून गाडीनं यायचा. बोदवडला त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान. हसरा माणूस. त्याचा डावा हात कोपरापासून खाली वाळून काटकीसारखा झालेला, बोटं आत वळून पंजासारखी आखडलेली. त्या पंजात तो पिशवी अडकवायचा आणि उजव्या हातानं सगळी कामं करायचा. मला वाटायचं, जन्मतःच असेल.

एक दिवस तो आबांच्या खोलीतून बाहेर आला तो थेट तपासणीच्या खोलीत. पेशंट नव्हता. मी रजिस्टर लावत होते.

"आक्का, आबाले रात्रभर झोप नही. कण्हू राह्यले ते. तू एकदा हात लावून पाय."

"मोरे बघते त्यांचं."

"मोरेबाई चांगली हाये. पन तुहा हात तो तुहा हात. भुसावळपासून लोक येतात तुह्याकडे. अन् घरातला मानूस मांगच्या खोलीत..."

"मी त्यांच्या पाठीला हात लावणार नाही, रमेश."

"काऊन?"

मॅडमनी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. फक्त पाहिलं. रमेशनं तो हात उचलून स्वतःच टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"हात माहा गेला, आक्का," तो म्हणाला. "तुहा नही गेला. मी त्यांले कधीच माफ केलं. तू कोन राग धरनारी?"

मॅडम उठल्या आणि तसराळ्यात पाणी ओतायला लागल्या. पुढचा पेशंट यायला अजून अर्धा तास होता.

मी रमेशला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिथं त्यानं सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडला, कोपराजवळ हाड मोडलं. आबांनी स्वतः बांधलं, पोटचं पोर म्हणून जरा जास्तच घट्ट बांधलं. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, मग निळी पडली. आई पाया पडली, दोरी सैल करा. आबा म्हणाले, तीन दिवस हात लावायचा नाही, हाड सरकेल. आबांचा शब्द गावात कोणी मोडत नसे, घरात कोण मोडणार?

"आक्का तवा बारा वर्षांची," रमेश म्हणाला. "माह्या उशाशी बसेल राहे. मी तिले म्हने, गाठ सोड, आक्का, गाठ सोड. तिले सोडता येत व्हती. आबा शेतात जायेल व्हते. तिनं गाठीले हात लावला अन् मांगं घेतला. आबाले भ्याली. तिचा राग आबावर नही, बाई. कोनावर हाये ते मले मालूम हाये. पन भोगू राह्यले आबा."

मी आत आले. मॅडम हात पुसत होत्या. मला त्यांना विचारायचं होतं, पण त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शेकाची पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेले.

आणखी पाच महिने मी शेक दिला.

उन्हाळ्यातली सकाळ होती. आत एक शाळामास्तर मानेसाठी झोपले होते, मॅडमचे हात त्यांच्या डोक्याखाली. खिडकी उघडी होती. अंगणातून आबा येत होते, आणि त्यांची उजव्या पायातली चप्पल फरशीवर घासत होती. सर्र, ठप. सर्र, ठप. मग चप्पल पायातून निघाली आणि मागं राहिली, आणि आबांना ते कळलंच नाही. ते अनवाणी पायानं तापलेल्या फरशीवरून चालत राहिले.

मॅडमनी चाल पाहिली नाही. त्यांनी आवाज ऐकला. मास्तरांचं डोकं त्यांनी हळूच उशीवर ठेवलं आणि त्या बाहेर पळाल्या. सात वर्षांत त्यांना पळताना मी तेवढंच पाहिलं.

आबांना त्यांनी बाकावर बसवलं. कमरेची किल्ली काढली आणि त्यांच्या तळव्यावरून टाचेकडून बोटांकडे ओढली. निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. आबांचा अंगठा संथपणे वर गेला. हे कशाचं लक्षण आहे ते मला माहीत होतं. पाठीतली मुख्य नस दाबली जात होती.

मॅडम उकिडव्या बसून होत्या, किल्ली हातात. आणि त्या, ज्या माझ्यासमोर कधी गावची भाषा बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, "आबा, पायात मुंग्या येत व्हत्या का?"

"येत व्हत्या."

"कवापासून?"

"झाले दोन-तीन महिने."

"मंग सांगितलं काऊन नही?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजावतात तसे ते म्हणाले, "तू इचारलं नही."

मग त्यांना पालथं झोपवून मॅडमनी बंडी वर केली. नऊ महिन्यांत ती पाठ मीही उघडी पाहिली नव्हती. उंचवटा बोटानं शोधायची गरजच नव्हती. दारातून दिसत होता, लिंबाएवढा. मॅडम त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "मॅडम, बंडीवरून..." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्या दिवशी मला त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटले.

टीबी होता. तायडेला होता तोच. वेळेवर औषध दिलं तर बरा होणारा आजार. आबांचे तीन मणके खाऊन झाले होते, छाती कमकुवत होती, ऑपरेशनला कोणी हात घालेना. औषधं सुरू केली. आठवडाभरात दोन्ही पाय गेले, कमरेखालचं सगळं गेलं.

त्यानंतर मॅडमनी आबांना कोणालाही हात लावू दिला नाही. बाई ठेवली नाही, नर्स ठेवली नाही, मला तर खोलीतच येऊ दिलं नाही. दर दोन तासांनी त्या पेशंट सोडून आत जायच्या, त्यांना कुशीवर वळवायच्या, टाचा तपासायच्या, प्रत्येक सांधा हलवायच्या, पोटऱ्यांवरून हात फिरवायच्या. त्याच बोटांनी, त्याच सावकाशपणानं. गरम पाण्यात हात बुडवून. मी एकदा दारातून पाहिलं. त्यांचे दोन्ही तळवे आबांच्या मांडीखाली होते आणि डोळे मिटलेले.

आबांनी छताकडे बघत विचारलं, "आली का तू?"

"मी केव्हाची इथंच आहे. पाय धरलेत तुमचे."

"असं का," आबा म्हणाले. "मले समजलं नही."

हे असं चार महिने चाललं. मग न्युमोनिया झाला आणि आबा गेले. पाठीवर, टाचांवर एकही जखम नव्हती. घरी आलेल्या डॉक्टरांनी कौतुकानं म्हटलं, "इतकी सेवा हल्ली कोण करतं!" मॅडम त्यांना म्हणाल्या, "सर्टिफिकेटवर नाव नीट लिहा, स्पेलिंग चुकतंय तुमचं."

रमेश खूप रडला. उजव्या हातानं डोळे पुसायचा आणि डावा तसाच मांडीवर. मॅडम रडल्याचं मला आठवत नाही. तेराव्यानंतरच्या सोमवारी क्लिनिक उघडलं आणि पहिल्याच पेशंटला त्या म्हणाल्या, "पोट कमी कर, मग कमरेचं बोल."

मी वर्षभरानं नोकरी सोडली. कारण दिलं, नवऱ्याची बदली धुळ्याला झाली. ते खरंही होतं. धुळ्यात एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवायला लागले. मॅडमच्या क्लिनिकवरची गर्दी वाढत गेल्याचं कानावर यायचं.

तीन वर्षांनी आमच्या प्राचार्यांनी विचारलं, हातानं तपासणी या विषयावर कोणी बोलणारं आहे का? मी त्यांचं नाव सुचवलं. येतील असं वाटलं नव्हतं. त्या आल्या, एसटीनं. केस पुष्कळ पांढरे झाले होते. हार घेतला नाही, व्यासपीठावर बसल्या नाहीत. फळ्यावर पाठीचा कणा काढला आणि सुरू झाल्या. मुलं पुढं सरकून ऐकत होती. तासभर त्यांनी स्नायू, सांधे, श्वास, सगळं सांगितलं. कुठं हात ठेवायचा, कुठून उचलायचा. शेवटी म्हणाल्या, "एक केस सांगते. वय अठ्ठ्याहत्तर, पुरुष. नऊ महिने पाठदुखी, रात्री जास्त, संध्याकाळी ताप, वजन कमी. निदान काय?"

चार-पाच जण एकदम ओरडले, "टीबी!"

"शाबास. तुम्हाला चार वाक्यांत कळलं. तिथं नऊ महिने लागले. दोघीजणी होत्या. एक फिजिओथेरपिस्ट होती. तिनं शेक दिला. बंडीवरून, टॉवेल घालून. नऊ महिने."

वर्गात हसू फुटलं. मी पहिल्या रांगेत प्राचार्यांच्या शेजारी बसले होते. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं.

"दुसरी शिकलेली होती. जिल्ह्यात तिच्यासारखा हात नाही, असं लोक म्हणायचे. ती शेजारच्या खोलीत होती. तिनं हात लावला नाही."

"का, मॅडम?" मागून एका मुलीनं विचारलं.

"कारण तिला राग आला होता." त्यांनी फळा पुसायला घेतला. "पेशंटचे पाय गेले. मग तो गेला. बरा होणारा आजार होता."

मुलं आता हसत नव्हती. तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. "त्या दोघींवर काही कारवाई झाली का?"

"नाही. शेक देणारीला चांगली नोकरी लागली. ती आता शिकवते."

"आणि हात न लावणारी?"

"तिची ओपीडी सोमवार ते शनिवार असते," मॅडम म्हणाल्या. "गर्दी असते. आधी फोन करून जावं लागतं."

टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. प्राचार्यांनी सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. जळगावची गाडी लागलेली होती. मी कसंबसं म्हटलं, "मॅडम, माझं चुकलं होतं." त्या पिशवी सावरत म्हणाल्या, "हो. चुकलं होतं." आणि गाडीत चढल्या.

मी खालीच उभी राहिले. खिडकीतून दिसत होतं. त्यांच्या शेजारच्या सीटवर एक म्हातारा गाठोडं वर फळीवर टाकायची खटपट करत होता, हात पुरत नव्हता. मॅडम उठल्या, त्याच्या हातातून गाठोडं घेतलं, टाचा उंचावून वर सरकवलं. मग खाली बसताना त्याला काहीतरी म्हणाल्या. काचेतून ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याचा चेहरा मात्र पडला, आणि तो अंग चोरून सीटच्या कडेला बसला. कंडक्टरनं घंटी मारली.

गाडी निघाली तेव्हा मॅडम समोर बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर होते, पालथे.